फरशीच्या नक्षीवरून चालणारा माणूस

माझा धंदा फरशीचा. मोझेक, संगमरवर, कोटा, जे असेल ते बसवायचं आणि घासून चकाकतं करायचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर हेच केलं आणि मीही हेच करतो. त्यामुळे कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी खाली जाते. सांधे जुळलेत का, किनार सरळ गेलीय का, पाण्याचा उतार कुठल्या बाजूला आहे. सिनेमा बघतानाही तेच होतं. नट काय बोलतोय ते नंतर, तो उभा कशावर आहे ते मला आधी दिसतं.

गेल्या महिन्यात शंभर वर्षांहून जुना एक जर्मन मूकपट बघताना एका दृश्यापाशी मी लेकीला म्हटलं, "थांब. मागे घे." तिने घेतलं. म्हटलं, "पुन्हा घे." असं चार वेळा झालं. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली, की बाप-लेकीचं चाललंय तरी काय.

हा सिनेमा आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या घरात आला तो धाकटीमुळे. ती जर्मन शिकतेय. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, मूकपट बघा. संवादांच्या ज्या पाट्या पडद्यावर येतात त्या छोट्या असतात, थांबवून वाचता येतात आणि पात्रांचे चेहरे बघून निम्मा अर्थ आपसूक लागतो. मला हे फार पटलं. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून पाट्या मोठ्याने वाचणारा माणूस असायचा, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख नसायची. आमच्या घरात ते काम लेकीने केलं. आधी जर्मन वाचायची, मग मराठी. आईला नीट ऐकू यावं म्हणून सोबतचं संगीत आम्ही बंदच केलं.

सिनेमाचं नाव 'डी आउस्टर्नप्रिन्त्सेसिन'. लेकीने केलं, "शिंपल्यांची राजकन्या." माझी बायको देवगडची. ती लगेच म्हणाली, "शिंपल्या वेगळ्या. ही कालवं." मग तिने आम्हाला कालवं कशी काढतात ते सांगितलं. ओहोटीला बायका खडकावर जातात, उकिडव्या बसून लहानशा लोखंडी हत्याराने एकेक कालव फोडतात आणि आतला मऊ गर अलगद काढून घेतात. पायाला, हाताला कडा कापतात. सकाळभर बसलं तर एक पातेलं भरतं. तेव्हापासून आमच्या घरात या सिनेमाचं नाव 'कालवांची राजकन्या' असंच पडलंय, आणि मीही इथे तेच वापरतो.

२० जून १९१९ रोजी हा बर्लिनमध्ये पहिल्यांदा लागला. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच, तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा. लांबी तासाभराची, अंक चार.

गोष्ट अशी. अमेरिकेतला एक अफाट श्रीमंत माणूस, कालवांचा राजा, मिस्टर क्वेकर. त्याची एकुलती एक मुलगी ऑसी. सिनेमा सुरू होतो तेव्हा ऑसी खोलीची मोडतोड करतेय, कारण पेपरात बातमी आलीय की बूटपॉलिशवाल्या राजाच्या मुलीने एका सरदाराशी लग्न केलं. बाप वर येतो आणि विचारतो, अगं, तू वर्तमानपत्रं का फेकतेयस? ती म्हणते, फुलदाण्या सगळ्या फुटून संपल्या म्हणून. बाप म्हणतो, एवढंच ना, तुला मी राजपुत्र विकत घेऊन देतो. तर पोरीला इतका आनंद होतो की त्या आनंदाच्या भरात ती आख्खं घर पाडायला निघते.

या बापाचं एक पालुपद आहे. काहीही घडलं की तो म्हणतो, त्याचा माझ्यावर काही प्रभाव पडत नाही. लेकीने पहिल्यांदा असं अगदी शब्दाला शब्द केलं. आई म्हणाली, "म्हणजे 'त्यात काय विशेष' म्हण की." तेच बरोबर. मुलगी घर फोडतेय? त्यात काय विशेष. लग्न लागलं? त्यात काय विशेष.

लग्न जुळवणारा एक मध्यस्थ येतो. त्याच्याकडे एक राजपुत्र आहे, नुकी नावाचा. किताब आहे, खिशात दमडी नाही. एका लहानशा खोलीत जोसेफ नावाच्या मित्राबरोबर राहतो, आणि दोघं आपले कपडे आपणच धुतात. नुकी स्वतः न जाता जोसेफला पाठवतो: जा, मुलगी बघून ये. जोसेफ नुकीचं कार्ड घेऊन जातो आणि तिथे सगळे त्यालाच राजपुत्र समजतात.

आता ज्या दृश्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. जोसेफला त्या प्रचंड वाड्याच्या दिवाणखान्यात आणून सोडतात. वर ऑसीची तयारी चाललीय. दासींची आख्खी पलटण तिला न्हाऊमाखू घालतेय, अंग चोळतेय, अत्तरं लावतेय, एकीच्या हातून दुसरीच्या हाती ती अशी सरकतेय जशी कारखान्यात एखादी वस्तू सरकते. आणि खाली हा किडकिडीत, टकलू माणूस वाट बघतोय. बसायला कुणी सांगितलेलं नाही. पायाखाली लाकडी फरशी, तिच्यावर गुंतागुंतीची मोठी नक्षी. थोडा वेळ तो नुसता उभा राहतो. मग त्याचं लक्ष नक्षीकडे जातं. एक पाऊल रेषेवर ठेवतो, मग दुसरं. मग रेषा जशी वळेल तसा वळतो. बघता बघता त्याचं सगळं चित्त त्यात जातं. इकडे जातो, तिकडून परत येतो, उडी मारून पलीकडच्या आकारावर जातो. एवढ्या मोठ्या दालनात एकटा माणूस, नक्षीच्या आत सापडलेला.

१९७८ साल. मी दहा वर्षांचा. शाळेला सुट्टी होती म्हणून अण्णांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून अलकापुरीत नेलं. तिथे एका बंगल्याचा हॉल त्यांनी केला होता, जागेवर ओतलेला मोझेक. आता तयार लाद्या येतात, तेव्हा मोठ्या घरांत नक्षी जागेवरच ओतायचे. आधी पितळी पट्ट्या उभ्या करून आकार बांधायचा. सरळ रेषा कुणीही बांधेल. वळण कठीण. अण्णा पट्टी लोखंडी पाइपावर ठेवून अंगठ्याने हळूहळू वाकवायचे, घाई केली की पट्टीला मोड येतो आणि मग ती कधीच सरळ होत नाही. त्या पट्ट्यांच्या घरांत रंगीत सिमेंट आणि संगमरवराचे चिप्स भरायचे, रूळ फिरवून दाबायचं, आठवडाभर ओलं ठेवायचं. मग घासायचं. आधी साठ नंबरचा दगड, मग एकशेवीसचा, मग तीनशेवीसचा. शेवटी चकाकीसाठी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड आणि नमद्याने हात. त्या हॉलच्या मधोमध आठ पाकळ्यांचं फूल होतं आणि चारी बाजूंनी काळ्या-तांबड्या वेलाची किनार. पट्ट्यांनी अण्णांच्या बोटांना पडलेल्या चिरा तेव्हा अजून भरल्या नव्हत्या.

शेवटच्या बिलाचे तीनशे चाळीस रुपये यायचे होते. आम्ही दहाला पोचलो. नोकर म्हणाला, "शेठ पूजामां छे." उभे राहिलो. मग कळलं, जेवायला बसलेत. मग कुणी पाहुणे आले. हॉलमध्ये सोफे होते, पण त्यावर बसा असं आम्हाला कुणी म्हटलं नाही, आणि न सांगता बसणाऱ्यांतले अण्णा नव्हते. चपला दाराबाहेर. मी भिंतीला टेकून उभा. आणि अण्णा अनवाणी, वेलाच्या किनारीवरून चालायला लागले. टाच अंगठ्याला लावून, एकेक पाऊल. कोपऱ्यात वेल वळतो तिथे तेही वळायचे. हात पाठीमागे बांधलेले. पूर्ण हॉलला एक फेरी, मग दुसरी, मग आतल्या फुलावर, एका पाकळीवरून दुसऱ्या पाकळीवर.

मला वाटलं, काम तपासतायत. घरी येऊन आईला मी तसंच सांगितलं आणि तसं ते तपासतही होतेच. तिसऱ्या फेरीला एका पाकळीपाशी ते थांबले, वाकले आणि बोटाच्या सांध्याने टकटक केलं. पोकळ वाजलं. पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन तेवढा तुकडा उकरून त्यांनी पुन्हा भरला, पैसे न घेता. त्या दिवशीचे तीनशे चाळीस रुपये मात्र त्या दिवशी मिळाले नाहीत. दीड वाजता निरोप आला, सोमवारी या.

पडद्यावर जोसेफ नक्षीवरून चालायला लागला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. काम तपासायला एक फेरी पुरते. माणूस साडेतीन तास तेच करत असेल तर तो आणखी काहीतरी करत असतो. पायांना जर काही काम दिलं नाही, तर पाय दाराकडे जातील. दाराकडे गेले तर तीनशे चाळीस रुपये जातील. म्हणून त्यांना वेलाच्या रेषेवर ठेवायचं. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही बर्लिनच्या एका टकलू नटाकडून. त्याचं नाव यूलियुस फाल्केनश्टाइन. ते मला लिहून ठेवावंसं वाटतं.

हे दृश्य लुबिचलाही शेवटपर्यंत आठवत होतं. तो पुढे हॉलिवुडला गेला, मोठा झाला. १९४७ साली, मरणाच्या काही महिने आधी, एका अभ्यासकाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या कामाचा आढावा घेतलाय. त्यात तो म्हणतो की स्वतःची ठाम शैली असलेली आपली पहिली विनोदी फिल्म हीच. आणि दाखला म्हणून नेमका हाच प्रसंग देतो: कोट्यधीशाच्या दालनात तासन् तास वाट बघणारा गरीब माणूस अधीरपणा आणि अपमान गिळण्यासाठी फरशीच्या नक्षीवरून चालतो. निव्वळ हसवण्यातून आपण पहिल्यांदा उपहासाकडे वळलो ते इथे, असं त्याने म्हटलंय. एवढ्या लांब कारकिर्दीनंतर माणसाला आपली एक फरशी आठवावी, याचं मला फार वाटलं.

लुबिच शिंप्याचा मुलगा. बर्लिनमध्ये वडिलांचं बायकांचे कपडे शिवण्याचं दुकान होतं. दिवसा हा त्या दुकानात हिशेब लिहायचा आणि रात्री नाटकात काम करायचा. कपडे शिवून श्रीमंतांच्या घरी पोचवायचे आणि बिलासाठी थांबायचं, हे ज्या घरात रोजचं असतं त्या घरातल्या मुलाला दिवाणखान्यात उभं राहणं शिकवावं लागत नाही. माझी तरी अशी खात्री आहे.

पण मी फक्त जोसेफबद्दलच लिहीत राहिलो तर ऑसीवर अन्याय होईल, आणि ती मला जोसेफइतकीच आवडली. तिचं काम करणारी नटी ऑसी ऑस्वाल्डा. लोक तिला जर्मनीची मेरी पिकफर्ड म्हणत, म्हणजे हॉलिवुडच्या मूकपटांतल्या त्या लाडक्या नटीच्या तोडीची. मूळची नर्तकी, आणि ते तिच्या प्रत्येक हालचालीत दिसतं. ती खोलीत येते म्हणजे वाऱ्याने दार उघडावं तशी येते. आळस नाही, लाजणं नाही. लग्नाची तयारी म्हणून तिला बाळाला कसं सांभाळायचं ते बाहुलीवर शिकवतात, आणि ती त्या बाहुलीचे जे हाल करते ते बघून माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई डोळ्याला पदर लावून हसत होती.

या सिनेमात सगळे वाट बघतात. जोसेफ वाट बघतो. नोकर भिंतीशी रांगा लावून वाट बघतात. टेबलाशी बसलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे एकेक वाढपी वाट बघत उभा. फक्त ऑसी वाट बघत नाही. राजपुत्र पाहिजे म्हणजे आज पाहिजे. जोसेफ तिला बघताक्षणी काही आवडत नाही, पण आणलाय ना, मग चला, म्हणून त्याला ओढत पाद्र्याकडे नेते. पाद्री खिडकीतूनच लग्न लावतो. आत जाऊन बसायलाही तिला वेळ नाही.

मग मेजवानी. स्वयंपाक्यांच्या फौजा, पदार्थ घेऊन निघालेले वाढपी, संपतच नाहीत. जोसेफ मान वर न करता जेवतोय. आणि मग एक पाटी येते की फॉक्सट्रॉट नाचाची साथ पसरली. साथच. जशी पटकीची साथ यायची तशी. वर पाहुणे नाचतायत, जिन्यावर वाढपी नाचतायत, खाली मुदपाकखान्यात आचारी नाचतायत. वाद्यवृंदाचा म्होरक्या कंबर अशी हलवतो की त्याच्याकडे बघायचं की नाचणाऱ्यांकडे हे कळत नाही. वाद्यांमध्ये एकाच्या थोबाडीत मारणं हेही एक वाद्य आहे, तालावर. आवाज नसलेला सिनेमा, पण आमच्या घरात सगळ्यांचे पाय हलत होते.

एक गोष्ट मला खुपली आणि ती मी लेकीलाही सांगितली. क्वेकरच्या भोवती काळे नोकर उभे केलेत, त्याचा सिगार धरायला, रुमाल द्यायला, अगदी घरातल्या सामानासारखे. दिग्दर्शकाला दाखवायचंय की शेठ किती ऐतखाऊ आहे, ते समजतं. पण जोसेफची वाट बघणं ज्या डोळ्यांना दिसलं, त्याच डोळ्यांना ही माणसं दिसू नयेत? त्यांच्यातल्या एकालाही स्वतःचा असा क्षण मिळालेला नाही. मला ते बघवलं नाही.

लेकीने दुसऱ्या दिवशी तो काळ शोधून वाचला, तेव्हा त्या मेजवानीचा वेगळाच अर्थ लागला. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनी पहिलं महायुद्ध हरली, बादशहा गादी सोडून गेला. पण बाहेरून धान्य येऊ न देणारी शत्रूची नाकेबंदी १९१९ च्या जुलैपर्यंत उठली नव्हती. त्याआधी एका हिवाळ्यात बटाट्याचं पीक बुडालं तेव्हा लोकांनी गुरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढले होते. हा सिनेमा लागला २० जूनला आणि ते युद्ध मिटवणाऱ्या व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जूनला. म्हणजे अर्धपोटी माणसं तिकीट काढून आत बसली आणि पडद्यावर ताटांमागून ताटं जाताना बघत राहिली. जोसेफ जेवतो तेव्हा तो ज्या भुकेने जेवतो, ती त्या दिवशी थिएटरातल्या प्रत्येकाच्या ओळखीची होती. राजपुत्र भणंग दाखवलाय तेही काही उगाच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या राज्यघटनेने सरदार-उमरावांचे जन्माने मिळालेले हक्क काढूनच घेतले. किताब नुसता नावापुरता उरला.

बडोदेकराला राजकन्येची गोष्ट सांगितली की त्याला आपली राजकन्या आठवणारच. सिनेमा चालू असतानाच आई म्हणाली, "अगदी इंदिराराजे." सयाजीराव महाराज आणि चिमणाबाई महाराणी यांची एकुलती एक मुलगी. जन्म १८९२, लुबिचचाही तोच. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी लग्न ठरलेलं. शिंदे वयाने बरेच मोठे, आधीचं लग्न झालेलं. दोन्हीकडे तयारी सुरू. १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजेंची कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी ओळख वाढली, आणि त्यांनी आईबापांना न विचारता थेट ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडलं. ग्वाल्हेरची तार आली, राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, तेव्हा महाराजांना कळलं. पुढे १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं. आईबाप गेले नाहीत.

ऑसीला कधी काही सोसावं लागलं नाही, इंदिराराजेंना सोसावं लागलं, एवढा फरक मोठा आहे. पण वाट न बघणं तेच. माझी पणजी या लग्नाच्या गोष्टी माझ्या आजीला सांगायची, आजी आम्हाला, आणि प्रत्येक वेळी आवाज खाली आणून, जणू वाड्यावर कुणी ऐकेल. त्या आवाजात नापसंती किती आणि कौतुक किती हे मला लहानपणी कळायचं नाही. आता वाटतं कौतुकच जास्त होतं. इंदिराराजेंची मुलगी, पुढे जयपूरच्या महाराणी झालेल्या गायत्रीदेवी, लंडनमध्ये जन्मली ती २३ मे १९१९ ला. चार आठवड्यांनी बर्लिनमध्ये ऑसी पडद्यावर फुलदाण्या फोडत होती.

शेवट लवकर सांगतो. खरा नुकी मित्रांबरोबर रात्रभर पिऊन हिंडतो आणि सकाळी ऑसीच्या मंडळात येऊन पडतो. मंडळ कसलं, तर अब्जाधीशांच्या मुलींचं दारूबंदी मंडळ. पोरगा देखणा. त्याच्यावर उपचार कुणी करायचा यावरून सगळ्या मुली मुष्टियुद्ध करतात आणि ऑसी जिंकते. आख्ख्या सिनेमात तिला बापाने विकत न घेता मिळालेली ही एकच गोष्ट, ठोसे मारून मिळवलेली. दोघं प्रेमात पडतात, मग रडतात, कारण तिचं तर लग्न झालंय. तेव्हा जोसेफ येऊन सांगतो, अरे, मी लग्न तुझ्या नावाने केलं, म्हणजे तिचा नवरा तूच. बाप किल्लीच्या भोकातून आत डोकावतो, आणि पहिल्यांदाच त्याचं पालुपद बदलतं. लेकीने वाचलं, "हे मात्र विशेष!" आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

ऑसी ऑस्वाल्डाची पुढची हकिकत चांगली नाही. बोलपट आले आणि तिला काम मिळेनासं झालं, दोन बोलपटांत दिसली तेवढीच. १९४७ साली प्रागमध्ये ती गरिबीत वारली. लुबिच गेला तोही त्याच वर्षी.

त्यानंतरच्या रविवारी मी लक्ष्मीविलास पॅलेसला गेलो, तिकीट काढून. दरबार हॉलची फरशी मी लहानपणापासून ऐकत आलोय, व्हेनिसच्या पद्धतीचा मोझेक. अण्णा म्हणायचे, बडोद्यात मोझेक करायचा तर आधी तो बघून यायचं. १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला, तेव्हापासून ती फरशी आहे. लोक खिडक्यांच्या रंगीत काचा बघत होते, वर छताकडे बघत होते. मी किनार बघितली. एवढी वर्षं, एवढे पाय, आणि तुकड्याला तुकडा कसा धरून बसलाय. दरबार भरायचा तेव्हा मुजऱ्याला आलेली माणसं कुठे उभी राहत असतील, त्यांनी किती वेळ मान खाली घालून ही नक्षी पाठ केली असेल, हे मनात येत राहिलं.

घरी आलो तर आई म्हणाली, "तो परवाचा माणूस पुन्हा दाखव. नक्षीवरचा." लेकीने लावून दिलं. आईने चष्मा पुसला, टीव्हीजवळ खुर्ची ओढून घेतली. जोसेफ चालत होता, वळत होता, परत फिरत होता. अण्णांबद्दल आई काहीतरी बोलेल म्हणून मी बाजूला थांबलो होतो.

ती म्हणाली, "त्याला पाणी तरी विचारलं का रे कुणी?"

आम्ही तो दारातून आत येतो तिथपासून पुन्हा लावून पाहिलं. नाही विचारलं.